गाडी लागत असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात बोलणं सुरू होतं ते खर्चाचं, रजेचं, दवाखान्यात रात्री कोण थांबणार याचं. भुलीतून बाहेर आल्यावर रुग्णाला मळमळेल, उलट्या होतील, हे कुणाच्या मनात येत नाही. आणि झाल्याच, तर 'भूल दिली होती ना, मग होणारच' असं म्हणून सगळे गप्प बसतात. ही समजूत मोडावी यासाठी हा लेख आहे. ऑपरेशननंतर कोणाला उलट्या होण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज आधी येतो. बऱ्याच अंशी त्या टाळता येतात. झाल्या तरी त्यांवर चांगली औषधं आहेत. मात्र रुग्णाने आणि नातेवाइकांनी काही गोष्टी वेळेवर बोलायला हव्यात.

पूर्ण भूल दिलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण तिघांना हा त्रास होतो. काहींच्या बाबतीत तर तो दहापैकी आठ जणांपर्यंत जातो. १९९९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रुग्णांना विचारलं होतं, भुलीनंतरच्या त्रासांपैकी कोणता तुम्हाला सगळ्यांत नकोसा वाटतो? पहिल्या क्रमांकावर उलटी आली. जखमेचं दुखणं तिच्या मागे होतं. पोटावर ताजे टाके असताना ज्याने उमासे काढले आहेत, त्याला याचं नवल वाटणार नाही. प्रत्येक उमाशाबरोबर टाक्यांवर ताण येतो, रक्तदाब उसळतो, सलाईन लांबतं आणि सुट्टी पुढे ढकलली जाते. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून नागपूरला आलेल्या कुटुंबासाठी मुक्कामाचा एक जादा दिवस म्हणजे सोबत्याची एका दिवसाची मजुरी आणि वर जेवणाखाण्याचा खर्च.

बहुतेक घरांत या उलटीचा दोष पित्तावर जातो. 'उपाशी राहिला, पित्त झालं' म्हणत पित्ताची गोळी आणली जाते. ती जठरातलं आम्ल कमी करते, पण ही उलटी थांबवायला तेवढं पुरत नाही. उलटीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातून सुटतो. त्या केंद्राकडे आतड्यांतून संदेश येतात, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून येतात, रक्तात मिसळलेल्या औषधांमुळे येतात, आणि दुखणं, भीती, वास यांमुळेही येतात. म्हणूनच एकाच औषधाने सगळ्यांचं भागत नाही. कोणत्या वाटेने आलेला संदेश अडवायचा आहे, त्यावर औषध ठरतं.

चार साधे प्रश्न

जर्मनीतले भूलतज्ज्ञ क्रिस्टियान आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक सोपी मोजणी मांडली. जगभरचे भूलतज्ज्ञ आज ती वापरतात. रुग्ण स्त्री आहे का? तिला किंवा त्याला गाडी लागते का, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? सिगारेट-बिडी न ओढणारी व्यक्ती आहे का? ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. एकही नसेल तर शक्यता सुमारे १० टक्के, एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८० टक्के. (ओढणाऱ्यांना उलट्या कमी होतात हे खरं, पण भुलीत त्यांच्या फुप्फुसांचा धोका कितीतरी वाढतो. तेव्हा त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही.)

आता आपल्याकडची एक नेहमीची रुग्ण डोळ्यांपुढे आणा. चाळिशीची बाई, पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन, कधी सिगारेट ओढलेली नाही, आणि एसटीत बसली की पदर तोंडाला लावते. तीन गुण तर इथेच झाले. ऑपरेशननंतर अफूवर्गातल्या ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं की चौथाही झाला. वर पित्ताशयाचं किंवा गर्भाशयाचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन हेही उलट्यांचा धोका वाढवणाऱ्यांपैकी आहे. अशा बाईला आधीपासून औषध न देता उलटी होण्याची वाट बघत बसणं मला मुळीच पटत नाही.

मुलांचं गणित थोडं निराळं आहे. तीन वर्षांपुढचं मूल, अर्ध्या तासाहून लांबलेलं ऑपरेशन, तिरळेपणाची शस्त्रक्रिया, आणि मुलाला स्वतःला किंवा आईवडील-भावंडांना अशा उलट्या झाल्याचा इतिहास, हे चार मुद्दे तिथे बघतात. म्हणजे मुलाचं ऑपरेशन असेल तर आईने स्वतःच्या सिझेरियनच्या वेळी काय झालं होतं, तेही सांगावं.

हे सांगायचं कधी आणि कोणाला? नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स अशा मोठ्या रुग्णालयांत ठरलेल्या ऑपरेशनपूर्वी भुलीसाठीची तपासणी होते, ज्याला सगळे 'फिटनेस' म्हणतात. तिथे बीपी, शुगर, ईसीजी पाहिले जातात, आणि गर्दीत रुग्ण विचारलं तेवढंच बोलतो. 'गाडी लागते' हे आजारपण वाटत नाही, म्हणून ते राहून जातं. न विचारताही सांगा. धंतोली-रामदासपेठेतल्या लहान रुग्णालयांची गोष्ट वेगळी असू शकते. लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पुष्कळदा बाहेरून येतात आणि रुग्णाची आणि त्यांची पहिली भेट ऑपरेशनच्या थोडी आधी होते. अशा ठिकाणी सर्जनना आदल्या दिवशी विनंती करा, 'भूल देणाऱ्या डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायचं आहे.' एका फोनवर काम होतं. जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर सोबत ठेवा. मागच्या वेळी कोणती भूल दिली आणि काय त्रास झाला, ते कदाचित त्यावर सापडेल.

खर्रा लपवू नका

विदर्भात राहून हा विषय टाळता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे शेतावर, ऑफिसात, दवाखान्याच्या फाटकाबाहेरही चघळला जातो. 'मी सिगारेट ओढत नाही' असं रुग्ण खरंच सांगतो, पण खर्र्याचं बोलत नाही. वरच्या मोजणीत खर्रा धरलेला नाही, तरी भूलतज्ज्ञांना त्याची माहिती हवीच, कारण वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंड उघडणं कमी झालेलं असू शकतं. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर वेगळी तयारी करावी लागते. ती तयारी नसताना उलटी झाली, तर परिस्थिती गंभीर होते. ऑपरेशनच्या सकाळी 'एवढासा' खर्रा तोंडात ठेवू नये. गिळलेली लाळ आणि राहिलेला चोथा दोन्ही वाईट.

याच सवयीपायी तोंडाच्या कर्करोगाची ऑपरेशनं नागपुरात मोठ्या संख्येने होतात. जबड्याच्या ऑपरेशननंतर किंवा अपघातात जबडा मोडल्यावर काही वेळा वरचे-खालचे दात तारेने बांधलेले असतात. अशा रुग्णाला उलटी झाली तर ती बाहेर पडायला वाट नसते. म्हणून तार कापायचं कटर खाटेजवळ असावं लागतं. ते कुठे ठेवलं आहे आणि गरज पडली तर कोणती तार कापायची, हे नर्सकडून आधीच पाहून घ्या. घरी सोडताना कटर सोबत मागा. नाकातल्या नळीने जेवण देत असाल तर रुग्णाला बसतं करून, हळूहळू द्या. घाईने ओतलेलं दूध परत वर येतं.

उपाशी किती वेळ?

ऑपरेशनपूर्वी पोट रिकामं हवं, यामागचं कारण ठोस आहे. बेशुद्धीत उलटी झाली आणि जठरातलं आम्ल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींमधल्या अशा घटनांची नोंद केली, तेव्हापासून उपवासाचा नियम कडक झाला. पण 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही' हा सरसकट नियम आता जुना झाला आहे. आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेलकट जेवण आणि मांसाहार किमान आठ तास आधी थांबवावा, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी, तर पाण्यासारखे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. साधं पाणी, साखरपाणी, बिनदुधाचा चहा हे पारदर्शक द्रव झाले. दुधाचा चहा त्यात बसत नाही, आणि गर असलेला संत्र्याचा रसही नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी दोनचं ऑपरेशन असलेल्या रुग्णाने आदल्या रात्रीपासून पाणी सोडलं, तर तो चौदा तासांचा कोरडा उपवास झाला. शरीरातलं पाणी कमी झालेल्या रुग्णाला मळमळ अधिक होते, डोकं दुखतं, घेरी येते. म्हणून 'माझा नंबर किती वाजता आहे आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल?' हे आदल्या संध्याकाळी विचारून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने मात्र काही ठरवू नका. गरोदर बाई, आतड्यात अडथळा असलेला रुग्ण, जुना मधुमेह असलेला रुग्ण, वजन कमी करायची इंजेक्शनं घेणारी व्यक्ती, यांचं जठर उशिरा रिकामं होऊ शकतं आणि त्यांचे नियम वेगळे असतात.

मधुमेह्यांसाठी आणखी एक गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता खूप जणांना दिल्या जातात. त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाही थांबवल्या तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. उलट्या हे त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असतं, आणि शुगर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे तो लवकर ओळखू येत नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तपासणीला न्या.

डॉक्टर काय करू शकतात

शक्य असेल तिथे पूर्ण भुलीऐवजी हाताची, पायाची किंवा कमरेतली भूल देता येते. पूर्ण भूलच लागणार असेल तर भुलीच्या वायूंऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन उलट्या कमी करता येतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि सुन्न करणारी इंजेक्शनं नीट वापरली तर अफूवर्गातल्या औषधांची गरज घटते. मळमळ कमी करण्याचा हा फार उपयोगी मार्ग आहे. दुखणं सोसत राहणं हा मात्र मार्ग नव्हे, कारण तीव्र वेदनेनेही मळमळतं.

औषधांत सगळ्यांत ओळखीचं ऑन्डान्सेट्रॉन. 'एमसेट' हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मोठ्या माणसाला ते साधारण ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपता संपता शिरेतून देतात. डेक्सामेथासोन हे दुसरं. ते भूल देतानाच दिलं तर उपयोग होतो. ते स्वस्त आहे, पण मधुमेह्यांची शुगर एखादा दिवस वाढवतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी आकडा जास्त दिसला तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. ही औषधं एकत्र दिली तर परिणाम वाढत जातो. पाच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल यांतल्या प्रत्येक औषधाने धोका साधारण पाव हिश्शाने कमी केल्याचं दिसलं. म्हणून तीन-चार गुण असलेल्या रुग्णाला एकाच इंजेक्शनावर सोडू नये.

ऑन्डान्सेट्रॉनने डोकं दुखू शकतं, बद्धकोष्ठ होतं, आणि हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असलेल्यांना ते जपून द्यावं लागतं. मेटोक्लोप्रमाइड म्हणजे 'पेरिनॉर्म' मुलांना आणि तरुणांना दिल्यावर कधी मान वाकडी होते, डोळे वर जातात, जीव अस्वस्थ होतो. नातेवाईक घाबरून जातात, पण त्यावर लगेच लागू पडणारं इंजेक्शन आहे. नर्सला तत्काळ बोलवा, आणि या औषधाचं नाव कायमचं लक्षात ठेवा.

आता सगळ्यांत उपयोगी मुद्दा. प्रतिबंधासाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलं होतं आणि तरी सहा तासांच्या आत उलटी झाली, तर तेच पुन्हा देऊन फारसा फायदा होत नाही. दुसऱ्या वर्गातलं औषध द्यावं लागतं. रात्रीच्या पाळीत नर्सच्या हाती एमसेट तयार असतं आणि तेच पुन्हा दिलं जाण्याची शक्यता असते. अशा वेळी नम्रपणे विचारा, 'मघाशी दिलेलं लागू पडलेलं दिसत नाही, ड्युटी डॉक्टरांना विचारून वेगळं देता येईल का?' हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

कमरेतल्या भुलीत, विशेषतः सिझेरियनला, भूल दिल्यावर काही मिनिटांत एकदम मळमळ आली तर रक्तदाब खाली गेल्याची ती खूण असते. टेबलावरच्या बाईने 'कसंतरी होतंय' असं लगेच बोलावं. लाजून गप्प राहू नये. रक्तदाब वर आणला की मळमळ थांबते. डागा रुग्णालयात किंवा कुठेही बाळंतपणासाठी जाणाऱ्या लेकीसुनेला हे वाक्य घरूनच सांगून ठेवा. गर्भाशय आकसण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांनीही उलटी होते. ती थोड्या वेळाने ओसरते.

खाटेजवळ बसलेल्याने काय करावं

रुग्ण अजून गुंगीत असेल आणि उलटी आली, तर त्याला लगेच एका कुशीवर करा, तोंड खाली झुकवा, पाठीवर झोपलेलं ठेवू नका. गुंगीतल्या माणसाला ओढून बसवू नका. शुद्धीवर असलेल्याला पोटाच्या टाक्यांवर उशी घट्ट धरायला द्या, त्याने उमाशाचा ताण कमी लागतो. खाट हलवणं, पटकन उठवणं, संडासला घाईने नेणं यांनी मळमळ वाढते. खोलीत उदबत्ती लावू नका, डबा उघडू नका. भेटायला आलेल्या सगळ्यांनी 'कसं वाटतंय?' विचारत रुग्णाला बोलतं ठेवू नये.

पाणी प्यायची परवानगी मिळाली की चमचा-चमचा द्या. दहा मिनिटं थांबा. राहिलं पोटात, तर पुढचे दोन चमचे. मग तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ वरणभात, असं पुढे जा. आतड्याचं ऑपरेशन असेल तर सर्जन सांगतील तोच क्रम. 'अशक्तपणा आला' म्हणून तिसऱ्याच दिवशी सावजी रस्सा आणणारे प्रेमळ काका असतात. त्यांना पंधरवडाभर थांबवा. संत्री पोट शांत झाल्यावर द्या, रिकाम्या मळमळत्या पोटावर नको.

औषधाशिवायचे दोन उपाय करून बघण्यासारखे आहेत. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून रुग्णाचीच तीन बोटं वर, मधल्या दोन कंडरांच्या खोबणीत अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं. चिनी वैद्यकातला हा बिंदू अनेक अभ्यासांत तपासला गेला आहे आणि त्याने उलट्या कमी होतात असं दिसलं आहे. सलाईन लावलेल्या हाताला मात्र हात लावू नका. दुसरा उपाय म्हणजे इंजेक्शनपूर्वी त्वचा पुसायला असतो तो स्पिरिटचा बंद पाकिटातला बोळा नाकाजवळ धरून दोन-तीन दीर्घ श्वास घेणं. त्यातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मळमळ थोडा वेळ तरी उतरते. नर्सला विचारून करा. आल्याचा पातळ काढा काहींना मानवतो, पण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरी जाताना

मळमळ पुष्कळदा सुट्टी झाल्यावर, गाडीत परत उसळते. गडचिरोलीपर्यंतचा प्रवास दीडशे किलोमीटरच्या वर आहे, चिखलदऱ्याकडे जायचं तर परतवाड्यापुढे घाटाची वळणं आहेत. कुटुंबनियोजनाचं दुर्बिणीतलं ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी निघालेल्या बाईला जीपच्या मागच्या आडव्या बाकड्यावर बसवू नका. पुढची सीट द्या, खिडकी उघडी ठेवा, नजर रस्त्याकडे. जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी निघण्यापूर्वी लिहून मागा, ती पाण्याशिवाय घेता येते. सुट्टीच्या कागदावरच्या औषधांपैकी ट्रॅमाडॉल, मेट्रोनिडाझोल आणि लोहाच्या गोळ्या यांनी मळमळ होऊ शकते. त्या जेवणानंतर घ्यायच्या का, आणि त्रास झाला तर कोणती बंद करायची, हे विचारूनच निघा. ओआरएस घ्यायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी बघून घ्या आणि पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

या खुणांपैकी एकही दिसली तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा रंग, हिरवी किंवा घाण वासाची उलटी, पोट फुगून टणक होणं, गॅस न सरणं, ताप, सहा-आठ तास लघवी न होणं, घेरी, पाण्याचा घोटही न टिकणं. गळ्याच्या ऑपरेशननंतर मान सुजत असेल किंवा श्वास अडकत असेल, तर एक मिनिटही थांबू नका. डोळ्याच्या ऑपरेशननंतर उलटीबरोबर डोळा जोरात दुखत असेल, किंवा डोक्याच्या ऑपरेशननंतर उलटीबरोबर गुंगी वाढत असेल, तरी तेच. इन्सुलिन घेतलं आणि जेवण उलटून पडलं, तर शुगर तपासा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

घरी सोडण्यापूर्वी एक काम नक्की करा. उलट्या झाल्या असतील तर त्या किती वेळा झाल्या, कोणतं औषध निरुपयोगी ठरलं आणि कोणतं लागू पडलं, हे डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डवर लिहायला सांगा. ते कार्ड जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी भूल घ्यायची वेळ आली, तुमच्यावर किंवा तुमच्या मुलांवर, तर भूलतज्ज्ञांच्या हातात सगळ्यांत आधी ते द्या.